दारं नसलेली इमारत



२०१८ च्या भीमजयंतीला आम्ही बेटेगावात लहान मुलांची चित्रकला स्पर्धा ठेवली होती. विषय मीच काढला होता, 'मी पाहिलेलं शहर'. परीक्षकही मीच, कारण आमच्या मंडळात शाळेतली इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा पास झालेला मी एकटा. ती पण सी ग्रेडमध्ये. एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट बदलून घेतली, विहाराच्या ओट्यावर सतरंजी टाकली, मुलांना कागद वाटले आणि दीड तास दिला.

तीसेक चित्रं आली. निम्म्या मुलांनी गेट वे ऑफ इंडिया काढला होता. दोन ताजमहाल होते. एकाने दुबई काढली होती. तो दुबईला गेला नव्हता, त्याचा मामा गेला होता. जवळच्या पाड्यावरून आलेल्या एका मुलीने मात्र वेगळंच काहीतरी काढलं होतं. वारली घरातली मुलगी, चौथी-पाचवीतली असेल. तिने एक उंच इमारत काढली होती. खालच्या कडेपासून सुरू केलेली, वर कागद संपला म्हणून आडवी वळवलेली. खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी भोकं. शेजारी एक भला मोठा बगळा एका पायावर उभा आणि त्याच्या चोचीत लोखंडी सळ्या. खाली तीन दगडांची चूल, साडीची झोळी, झोळीत बाळ. रंग एकच, काळा. आणि एवढ्या मोठ्या इमारतीला दार एकही नाही.

मी तिला विचारलं, "अगं, दारंच नाहीत. माणसं आत कशी जाणार?"

ती म्हणाली, तेव्हा दारं बसवली नव्हती. मग दारं बसवली आणि आम्ही निघून आलो.

मी हे ऐकलं. कानाने ऐकलं. आणि चित्र उलटं करून मागे पेन्सिलीने लिहिलं, 'अपूर्ण'. आमच्या नियमांच्या कागदावर तिसराच नियम होता, 'चित्र पूर्ण व रंगवलेले असावे'. पहिलं बक्षीस गेट वे ऑफ इंडियाला गेलं. त्या मुलाने गेट वे पाहिला होता की नाही, हे मी विचारलंसुद्धा नाही. पट्टीने ओढलेल्या रेषा बघून मी खूश झालो.

आमच्या पालघर जिल्ह्यातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, पण मराठवाडा-विदर्भातले मित्रही वाचतात म्हणून सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडचे पाडे रिकामे होतात. भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, नाहीतर विरार, ठाणे, मुंबईच्या बांधकामावर अख्खी कुटुंबं जातात. मुलांना मागे ठेवायला कुणी नसतं, म्हणून मुलंही जातात. बाकीच्या मुलांनी शहर सहलीत पाहिलं, टीव्हीवर पाहिलं. या मुलीने ते राहून पाहिलं, आणि जेवढे दिवस राहिली तेवढे दिवस त्या शहराला दार नव्हतं. दार लागलं की आपला मुक्काम संपला, हा तिचा अनुभव होता. तो तिने जसाच्या तसा काढला. वर क्रेनचा बगळा केला, ही तिची स्वतःची भर. भाताच्या खाचरात एका पायावर तासन्‌तास उभा राहणारा आणि मग झटकन मान खाली घालणारा बगळा तिने रोज पाहिलेला. क्रेन दुसरं काय करते?

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. मला काय शिकवलं होतं, तेही सांगतो.

ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली आहे त्यांना 'स्मरणचित्र' हा पेपर आठवत असेल. नाव किती सुंदर आहे. प्रत्यक्षात आम्ही स्मरणातून काहीच काढत नव्हतो. रेल्वे स्टेशन आलं तर पुढे हमाल, मागे डबा, कोपऱ्यात चहावाला. भाजी मंडई आली तर पुढे टोपलीवाली बाई, मागे छत्र्या. बाजार, जत्रा, बसस्टॉप, सगळ्यांचे साचे ठरलेले. ते पाठ करायचे आणि पेपरात उतरवायचे. मी रेल्वे स्टेशन काढलं होतं आणि ते बोईसर स्टेशन अजिबात नव्हतं. बोईसरला पहाटे फर्स्ट शिफ्टच्या गर्दीत डबे हातात घेऊन उतरणारी माणसं मी लहानपणापासून बघत होतो, डहाणूकडून मासळीच्या टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका बघत होतो, हवेला येणारा तो केमिकलचा वास घेत होतो. त्यातलं काहीएक माझ्या चित्रात नव्हतं. आपण पाहिलेलं खोटं आणि पुस्तकातलं खरं, असं मनावर एकदा ठसलं की पुढे स्मरणचित्रसुद्धा पाठांतर होतं. तेच माप मी त्या मुलीच्या चित्राला लावलं.

स्पर्धेनंतर महिन्याभरात, १५ मे २०१८ ला जिव्या सोमा मशे गेले. मी लगेच फेसबुकवर पोस्ट टाकली. 'आमच्या जिल्ह्याचा अभिमान हरपला' वगैरे. सोबत तारप्याच्या नाचाचं चित्र. शंभरावर लाइक आले. आणि ज्या मुलीच्या चित्रावर मी 'अपूर्ण' लिहिलं होतं ते चित्र विहाराच्या लोखंडी कपाटात, पताका आणि उरलेल्या मेणबत्त्यांच्या खाली पडून होतं.

माझे डोळे उघडले ते एका पुस्तकाने. त्याच वर्षी सहा डिसेंबरला दादरला गेलो असताना कलाशाळेत शिकलेल्या एका मित्राकडे रात्री थांबलो होतो. त्याच्याकडे 'द लंडन जंगल बुक' होतं. २००४ साली चेन्नईच्या तारा बुक्सने काढलेलं. चित्रकार भज्जू श्याम, मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड. भोपाळला येऊन रात्रीचा पहारेकरी म्हणून राबलेला, इलेक्ट्रिशियनचं काम केलेला माणूस. काका जनगढ सिंह श्याम यांच्या हाताखाली चित्रं शिकला. या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या एका भारतीय हॉटेलच्या भिंती रंगवायला त्याला दोन महिने नेलं होतं. परत आल्यावर त्याने आठवणीतलं लंडन काढलं. पुढे २०१८ मध्येच त्याला पद्मश्री मिळाली, पण ते सोडा. पद्मश्रीने कुणाचं चित्र मोठं होत नाही.

त्या पुस्तकातलं विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती. एवढं जड धूड उडतंच कसं, हा पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाचा प्रश्न त्याने हत्तीला पंख लावून मांडला. लंडनचं प्रसिद्ध घड्याळ, बिग बेन, तिथे कोंबड्याशी जोडलंय, कारण त्याच्या गावी वेळ सांगायचं काम कोंबड्याचं. राहत्या जागेवरून हॉटेलपर्यंत नेणारी ३० नंबरची बस त्याने कुत्रा म्हणून काढली. परक्या शहरात चुकू न देता रोज घरी आणणारा इमानी कुत्रा. आणि दिवसभर गप्प असणारे इंग्रज लोक संध्याकाळ झाली की पबमध्ये जमून कलकलाट करतात, म्हणून ती माणसं वटवाघळं.

मित्र म्हणाला, "बघ, किती निरागस." मला ते पटलं नाही. आम्ही त्यावर रात्री दोन वाजेपर्यंत भांडलो.

निरागस कसलं? पुस्तकाच्या नावातच डाव आहे. किपलिंग नावाच्या इंग्रजाने मध्य भारतातल्या जंगलावर 'जंगल बुक' लिहिलं आणि जगाने ते डोक्यावर घेतलं. व्हेरियर एल्विन नावाचा इंग्रज पाटणगढला येऊन राहिला, गोंडांवर पुस्तकं लिहून जगभर नावाजला. भज्जूचे आजोबा त्याच एल्विनकडे कामाला होते. आता त्या नोकराचा नातू लंडनला जातो, इंग्रजांचे प्राणी करतो, त्यांच्या राजधानीचं जंगल करतो आणि इंग्रजीत पुस्तक छापून त्यांनाच विकतो. शंभर वर्षं ज्यांच्याकडे बघितलं गेलं, त्यांच्यातला एकजण उलट वळून बघायला लागला. याला निरागस म्हणणं म्हणजे त्याच्या हातातलं शस्त्र काढून घेऊन खेळणं म्हणून परत देणं.

शहरातला चित्रकार युरोप फिरून येतो, आठवणीतून पॅरिस वाकडंतिकडं काढतो, तेव्हा त्याला कल्पनाशक्ती म्हणतात. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात त्याच्या मनोविश्वावर दोन पानं येतात. आदिवासी चित्रकाराने तेच केलं की एकतर तो निरागस, नाहीतर त्याने परंपरा बिघडवली. त्याने जन्मभर तारप्याचा नाच काढावा, लग्नाचा चौक काढावा, भाताची कापणी काढावी. गेरूच्या रंगावर पांढरा. मॉलच्या भिंतीवर, हॉटेलच्या लॉबीत, स्टेशनच्या जिन्यात, कुर्त्यावर, चहाच्या कपावर. बाजाराला आदिवासीचा गाव पाहिजे, आदिवासीला दिसलेलं शहर नको, कारण त्या शहरात बाजार स्वतः दिसेल.

गाव पाहिजे म्हणजे तरी कुठला गाव? लग्नाचा चौक हे वारली चित्रांतलं मुळातलं चित्र. घरात लग्न असलं की सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत, मध्ये पालघट देवी. लोक हे चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. पण याच भागात लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं त्याचे बांधील होत. त्याला 'लग्नगडी' म्हणत. लग्नाच्या भिंतीवर चौक आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून वेठ. १९४५ साली तलासरी-डहाणूत वारली उठले ते या वेठीविरुद्ध. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते सगळं लिहून ठेवलंय. जिव्या मशे तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे, जन्म १९३४ चा. म्हणजे त्या उठावाच्या वेळी अकरा वर्षांचे. लहानपणी आई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं होतं, धुळीत रेघा ओढून ते जगाशी बोलत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं. १९७६ ला मशेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. गंजाडचं नाव त्यांनी जगात नेलं. एवढं फिरलेल्या माणसाला, तुम्हाला पॅरिस कसं दिसलं, ते काढून दाखवा, असं आपण कधी म्हटलं का? मी तरी म्हटलं नाही. बोईसरहून गंजाड काही लांब नाही, तरी मी त्यांच्या हयातीत एकदाही गेलो नाही. पोस्टला तारपा लावून मोकळा झालो.

आता एक आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मी स्वतः वर्षानुवर्षं घेत आलोय. चळवळीपुढे एवढे प्रश्न असताना चित्रं काय घेऊन बसलात? रोजगार, शिष्यवृत्ती, अत्याचाराच्या केसेस, कंत्राटी कामगारांचे हाल, हे सोडून बगळा आणि कोंबडा?

बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा' उघडा. छोटंसं पुस्तक आहे. त्यात काय आहे? प्रवासातून आठवणारी गावं आणि शहरं. युरोप-अमेरिकेतल्या काही वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं ते लिहितात. मग १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू होतात आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळत नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहावं लागतं. बडोद्याचं वर्णन कुणी लिहायला बसलं असतं तर राजवाडा लिहिला असता, संग्रहालय लिहिलं असतं. बाबासाहेबांच्या आठवणीतलं बडोदं म्हणजे धर्मशाळेचा वरचा मजला, मोडक्या खुर्च्या-बाकांनी भरलेला अंधारा हॉल, कंदिलाचा उजेड आणि त्यात उडणारी वटवाघळं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन दारात आलेले लोक. आणि त्यानंतर बागेत बसून काढलेले तास. हे कुठल्याच नकाशावर नसलेलं बडोदं आहे, पण आज कुठलं बडोदं खरं म्हणून आपल्यापर्यंत आलंय? त्या माणसाने त्या शहराची आठवण जशी होती तशी लिहून ठेवली, म्हणून ते आपल्या हातात पुरावा म्हणून आहे. अण्णाभाऊंनी रशियाचा प्रवास लिहिला, तोही याच कारणाने महत्त्वाचा. शहर कुणाला कसं दिसलं, हा कलेचा प्रश्न आहेच, पण साक्षीचाही आहे. त्या मुलीची बिनदाराची इमारत साक्ष होती. मी ती नोंदवून घेतली नाही. पोलीस स्टेशनात आपली तक्रार अशीच नोंदवून घेत नाहीत तेव्हा आपण मोर्चा काढतो.

त्या रात्रीनंतर घरी आलो आणि आईला एक कागद दिला. म्हटलं, आई, तुझी मुंबई काढ. ती हसली. सत्तरीची बाई, सहीपुरतं शिकलेली. "मला काय येतंय, मी काय मास्तरीण आहे का?" मग संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर स्वतःच बसली.

आईने मुंबई पाहिली ती दर सहा डिसेंबरला. तीसेक वर्षं. तिच्या चित्रात एक पूल होता, दादरचा. पुलावर डोकी, नुसते गोल, मोजता येणार नाहीत इतके. पुलापासून एक लांब रेघ निघाली होती, वळत वळत अख्ख्या कागदावर पसरलेली. ती रांग. रांगेच्या कडेला चौकोन, चौकोनात चौकोन. मी विचारलं हे काय, तर म्हणाली पुस्तकं. वाचता न येणाऱ्या माझ्या आईच्या मुंबईत पुस्तकांचे स्टॉल सगळ्यांत मोठे होते, कारण तिथून ती दर वर्षी माझ्यासाठी एक पुस्तक आणायची. विकणाऱ्याला विचारून, चौदा वर्षांच्या पोराला कुठलं देऊ म्हणून. रांगेच्या टोकाला घुमट आणि घुमटामागे समुद्र. समुद्रावर मात्र तिने काहीच काढलं नाही, नुसता कागद कोरा सोडला. गेट वे नाही, ताज नाही, मंत्रालय नाही. तीस वेळा मुंबईला जाऊन तिने यातलं काहीही पाहिलेलं नाही.

या चित्राला मी काय लिहिणार होतो मागे? अपूर्ण?

जानेवारीत कपाट उघडून मुलीचं चित्र शोधलं. सापडलं नाही. मधल्या काळात साफसफाई झाली होती, जुने कागद रद्दीत गेले होते. पाड्यावर गेलो तर घराला कुलूप. कामावर गेलेत, पावसाआधी येतील. शेजारची म्हातारी म्हणाली, मुलगी पण गेलीय, धाकटा भाऊ सांभाळायला. शाळेचं विचारलं तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे काही बोलवलं नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक आमच्या भागात येतंय. त्याची रंगीत चित्रं मोबाईलवर फिरतात. संगणकावर काढलेली, काच, उजेड, बॅग ओढत चाललेली गोरी-गोमटी माणसं. त्यालाही संकल्पचित्रच म्हणतात. ते बेटेगाव कुणाच्या आठवणीतलं आहे, मला ठाऊक नाही. त्यात पाडा नाही, चूल नाही, झोळी नाही. पण ते चित्र अपूर्ण आहे असं कुणी त्याच्या मागे लिहिलेलं नाही. उलट त्या चित्राप्रमाणे जमीन मोजली जाते.

मुलगी जूनमध्ये आली. मी कागद आणि खडूची पेटी घेऊन गेलो, आणि तिच्या बापासमोर तिची माफी मागितली. बापाला काय चाललंय ते कळेना. त्याला वाटलं मी सरकारी सर्व्हेचा आहे. ती मात्र ओळखून होती. म्हणाली, ते चित्र आता परत नाही काढणार. मी म्हटलं, बरं, तुला हवं ते काढ. तिने कागद घेतला, पेटी परत दिली, काळा खडू तेवढा ठेवून घेतला. यंदा ते दुसऱ्या ठिकाणी होते, खाडीजवळ, रात्रीसुद्धा काम चालायचं, असं काढता काढता सांगत होती. मी बगळा शोधत होतो. बगळा नव्हता. रात्रीच्या दिव्यांना तिने डोळे काढले होते, बिनपापण्यांचे.

तेव्हापासून आमच्या स्पर्धेचा विषय बदललेला नाही. नियमांच्या कागदावरून तिसरा नियम काढला. स्पर्धा १३ एप्रिलला असते, सकाळी दहाला, विहाराच्या ओट्यावर. भट्टीवरून, बांधकामावरून तोपर्यंत न परतलेल्या मुलांसाठी जूनमध्ये पुन्हा एकदा घेतो. वयाची अट नाही, गेल्या खेपेला आईसुद्धा बसली होती. कागद आम्ही देतो, रंग आणायची गरज नाही, आणि चित्राबद्दल मूल जे सांगेल ते आम्ही मागच्या बाजूला त्याच्याच शब्दांत लिहून घेतो.